तारीख कुठून मोजायची?

*डॉक्टर मॅडम,*

*मी २४ वर्षांची आहे. पुण्यात नोकरी करते, पीजीत राहते. घर कोल्हापूरकडे. माझी पाळी एरवी २८ ते ३० दिवसांनी येते. शेवटची १ जुलैला आली. १२ जुलैच्या रात्री कंडोम फाटला. १३ला संध्याकाळी मेडिकलमधून ती ७२ तासांवाली गोळी आणून घेतली. १९ ते २१ जुलै थोडे डाग पडले, एक पॅडसुद्धा भरला नाही. मला वाटलं पाळी लवकर आली, सुटले. त्यानंतर आज ८ ऑगस्टपर्यंत काहीच नाही. ३१ जुलैला आणि ५ ऑगस्टला टेस्ट केली, दोन्ही वेळा एकच रेघ. पण छाती दुखते, सकाळी मळमळतं. चार दिवस पपई खाल्ली, ओवा-गुळाचा काढा घेतला. तो म्हणतो, गोळी घेतलीस ना, मग कशाला टेन्शन घेतेस. टेस्टच्या दोन्ही पट्ट्या पर्समध्ये ठेवल्यात, ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन परत परत बघते. आई फोनवर विचारते, "झाली का गं?" महिनाअखेरीस गणपती आहेत, गौरीच्या वेळी अडचण नको म्हणून ती पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून ठेवणार आहे.*

*मी प्रेग्नंट आहे का? टेस्ट चुकू शकते का? या गोळीने पुढे मूल होत नाही असं मैत्रीण म्हणाली, ते खरं का?*

*ता.क. त्यानंतर एकदाच संबंध आला, २६ जुलैला. पण तेव्हा त्याने बाहेरच काळजी घेतली, म्हणून तो दिवस मी धरलेला नाही.*

*– झोप उडालेली*

अगं, तुझं सगळं पत्र एका बाजूला आणि ता.क. दुसऱ्या बाजूला. (वयाने माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून अगं-तुगं करते.) तू ज्या रात्रीसाठी गेला महिना जागून काढलास, ती रात्र कधीच निकालात निघाली आहे. आणि जो दिवस धरलाच नाहीस, मला बोलायचंय ते त्याच दिवसाबद्दल.

आधी १२ जुलै. त्या रात्रीनंतर २४ दिवसांनी, म्हणजे ५ ऑगस्टला, तू टेस्ट केलीस आणि एकच रेघ आली. संबंधानंतर २१ दिवस उलटून गेले की घरच्या टेस्टवर भरवसा ठेवता येतो. त्या रात्री दिवस गेले असते तर ५ तारखेला दुसरी रेघ ठसठशीत उमटली असती. तेव्हा १२ जुलैच्या नावाने आता एकही रात्र जागू नकोस.

आता २६ जुलै. ५ ऑगस्टला त्याला जेमतेम दहा दिवस झाले होते. दहा दिवसांत टेस्टला काही कळत नाही. टेस्ट जे हार्मोन शोधते ते गर्भ पोटात रुजल्यावरच तयार व्हायला लागतं, आणि लघवीत पट्टीला कळण्याइतकं उतरायला आणखी काही दिवस जातात. म्हणजे त्या दिवसाचा जाब तू अजून कुणालाच विचारलेला नाहीस. २६ जुलै अधिक २१ दिवस, म्हणजे १६ ऑगस्ट. ही तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेव.

"पण मॅडम, गोळी घेतली होती की," असं म्हणशील. इथेच बहुतेक जणी फसतात. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी मुलींना वाटत असतं की ही गोळी म्हणजे महिनाभराचा पास आहे, एकदा काढला की पुढच्या पाळीपर्यंत चालतो. तसं नसतं. ही गोळी पाठीमागचं बघते, पुढचं नाही. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं औषध असतं, १.५ मिलीग्रॅम. ते बीजकोषाला सांगतं, जरा थांब, बीज आत्ता सोडू नको. पुरुषबीज बाईच्या शरीरात फार तर पाच दिवस तग धरतं. तेवढ्यात बीज बाहेर पडलंच नाही तर पुढचं काही घडत नाही. गोळीचं काम एवढंच. बीज आधीच सुटलं असेल किंवा सुटायच्या अगदी बेतात असेल, तर गोळीचा उपयोग होत नाही. म्हणून पाकिटावर ७२ तास लिहिलेलं असलं तरी जितकी लवकर घ्याल तितकं बरं. वेळेत घेतलेल्या शंभर जणींमध्येही एक-दोघींना दिवस जातातच.

पण "थांब" म्हटलेलं बीज कायमचं थांबत नाही. एरवी १५ जुलैच्या आसपास सुटलं असतं, ते वीसला, पंचविसाला किंवा त्यानंतरही सुटू शकतं. नेमकं तेव्हाच, "आता काय, गोळी घेतलीये" असं म्हणून माणसं बेफिकीर होतात. गोळीने तुझे धोक्याचे दिवस पुसले नाहीत, पुढे सरकवले. आणि तुझा २६ जुलै त्या सरकलेल्या दिवसांत अगदी बरोब्बर बसू शकतो.

पाळी लांबल्याचं उत्तरही यातच आहे बघ. बीज सुटल्यापासून साधारण चौदा दिवसांनी पाळी येते. बीज आठवडाभर उशिरा सुटलं तर पाळीही आठवडाभर उशिरा येणार. काहींना उलट दोन-चार दिवस आधीच येते. बहुतेकींची आठवड्याच्या आत-बाहेर होते. १९ ते २१ला जे डाग पडले, ते गोळीतलं हार्मोन उतरल्यावर पडणारे डाग. ते खूप जणींना पडतात. त्याला पाळी धरायचं नाही आणि तिथून नवीन महिनाही मोजायचा नाही. ते पडले म्हणून सुटलो असंही नाही, आणि पडले नाहीत म्हणून घाबरायचंही कारण नाही. छाती दुखणं आणि मळमळ हे तर पाळी यायच्या आधीही होतं, रोज रात्री दोनपर्यंत जागून सकाळी रिकाम्या पोटी काढा प्यायल्यानेही होतं. त्यावरून काही ठरवू नकोस.

पपईबद्दल: पपईने पाळी येत असती तर मी दवाखाना मंडईत थाटला असता. खा, पोट साफ राहील. काढा मात्र बंद कर.

१६ तारखेला टेस्ट कशी करायची ते नीट सांगते, कारण याचा जितका गोंधळ मी बघते तितका दुसऱ्या कशाचा बघत नाही. किट नवीन आण. मेडिकलवाला ते औषध नसून बॉम्ब असल्यासारखं कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देईल, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. एक्सपायरी बघ. सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडे 'निश्चय' नावाचं हेच किट फुकट मिळतं. सकाळची पहिली लघवी घे, रात्री उठून लिटरभर पाणी पिऊ नकोस. पाकिटावर जितके थेंब लिहिले असतील तितकेच टाक आणि घड्याळ लाव. पाच मिनिटांत जे दिसेल तेच उत्तर. 'सी'जवळची रेघ यायलाच हवी. ती नाही आली तर किट खराब, दुसरं आण. 'टी'जवळ पुसट का होईना, पण रंगाची रेघ वेळेत आली तर ती रेघच. "अर्धी प्रेग्नंट" असं काही नसतं.

आणि वेळ संपली की पट्टी फेकायची. मला रात्री अकरा-साडेअकराला फोटो येतात, ट्यूबलाइटखाली धरलेली पट्टी, खाली लिहिलेलं, "मॅडम, काही दिसतंय का?" एका मुलीने तर रात्री टाकलेली पट्टी सकाळी डस्टबिनमधून काढून बघितली, तिला दुसरी रेघ दिसली आणि ती रडत दवाखान्यात आली. ती वाळलेल्या लघवीची करडी रेघ होती. पट्टी वाळली की असं होतं.

१६ तारखेपर्यंत धीर धरवत नसेल तर लॅबमध्ये रक्तातली बीटा-एचसीजी, म्हणजे त्याच हार्मोनची, तपासणी करता येते, ती लघवीच्या टेस्टच्या काही दिवस आधी सांगते. पण लवकर केलेली आणि निगेटिव्ह आलेली रक्ततपासणीही पुन्हा करावी लागू शकते. माझं मत विचारशील तर आठ दिवस थांब आणि एकदाच कर.

या आठ दिवसांत काही झालं तर मात्र थांबायचं नाही. पोटात एका बाजूला कळ येऊन ती वाढत गेली, चक्कर आली, खांद्यात दुखायला लागलं, तासाला पॅड भरेल इतकं अंगावरून जायला लागलं, तर टेस्ट काय सांगते ते न बघता सरळ हॉस्पिटल गाठ. कधी कधी गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजतो. तसं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून सांगते.

१६ला एकच रेघ आली तर तू प्रेग्नंट नाहीस, हा विषय मिटला. पाळी पाठोपाठ येईल. महिनाअखेरपर्यंत आलीच नाही तर एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव. थायरॉइड, पीसीओडी यातलं काही आहे का ते बघतील, गरज पडली तर पाच दिवसांच्या गोळ्या देऊन पाळी आणतील. त्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून आजच घेऊ नकोस. प्रेग्नन्सी नाही हे पक्कं झाल्यावरच त्यांचा नंबर लागतो.

दोन रेघा आल्या तर घाबरण्याआधी हिशेब कर. १ जुलैपासून मोजलं तर तेव्हा साडेसहा आठवडे होतील, आणि तुझ्या बाबतीत प्रत्यक्षात त्याहून कमीच. म्हणजे हाताशी वेळ आहे. पुढे काय करायचं तो निर्णय तुझा. गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१पासून आहे, आणि २०२१च्या दुरुस्तीने त्यात "विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा" या शब्दांच्या जागी "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे शब्द आले. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वय १८च्या वर असेल तर सही फक्त तुझी लागते. आईची नाही, वडिलांची नाही, त्याचीही नाही. डॉक्टरने तुझं नाव बाहेर सांगितलं तर तो गुन्हा आहे. अविवाहित मुलीला विवाहितेपेक्षा कमी हक्क देता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात स्पष्ट सांगितलंय. काउंटरवर कुणी भुवया उंचावून "मिसेस की मिस?" विचारलं, किंवा आत बसलेल्या डॉक्टरने तपासायच्या आधी संस्कारांवर बोलायला सुरुवात केली, तर उठून दुसरीकडे जा. असे लोक माझ्याच धंद्यात आहेत, मला लाज वाटते, पण आहेत.

गर्भपाताच्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत देता येतात, पण चिठ्ठीवर आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली. "ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणतो" असं तो म्हणाला तर नको म्हण. आधी सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच आहे ना, किती दिवसांचा आहे, हे बघावं लागतं. अर्धवट गर्भपात होऊन रात्री बाराला रक्तस्राव घेऊन आलेल्या मुली मी बघितल्यात. त्या गोळ्या वाईट नाहीत, चांगल्या आहेत, त्या एकटीने घेणं वाईट. आणि हो, तू घेतलीस ती गोळी आणि गर्भपाताची गोळी या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्या गोळीने रुजलेला गर्भ पडत नाही, त्याला इजाही होत नाही.

मूल न होण्याबद्दल मैत्रीण म्हणाली ते खोटं. त्या गोळीचं औषध काही दिवसांत शरीरातून निघून जातं. मला हसू याचं येतं की "मूल होणार नाही" आणि "दिवस गेले असतील" या दोन्ही भीत्या तू एकाच पत्रात पाठवल्यास.

आता आईच्या गोळ्या. आपल्याकडे श्रावण लागला की दवाखान्यात या गोळ्यांची रांग लागते. सत्यनारायण, मंगळागौर, मग गौरी-गणपती. मला त्या लिहून द्यायला आवडत नाही, तरी देते, कारण घराघरातलं राजकारण मला दवाखान्यात बसून सोडवता येत नाही. पण तुला आत्ता त्या घेता येणार नाहीत, दोन कारणांनी. एक, त्या नॉरएथिस्टेरॉनच्या असतात, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू कराव्या लागतात, आणि सध्या तुझ्याकडे तारीखच नाही. दोन, त्या घेतल्यास पाळी येणारच नाही, आणि ती गोळ्यांमुळे आली नाही की आणखी कशामुळे, हे तुला कळणार नाही. शिवाय त्या डोसमध्ये त्या गर्भनिरोधक म्हणून धरायच्या नसतात, हेही बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. तेव्हा आईला सांग, "डॉक्टरांनी सध्या नको म्हटलंय, तारीख मागे-पुढे होतेय." हे खोटं नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तिने तुझ्या तारखेभोवती केलेला गोल मला इथून दिसतोय. तिला बाकीचं सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी त्यात पडत नाही. आणि पाळी गौरीजेवणाच्या दिवशी आलीच तर येऊ दे. गौर माहेरवाशीण असते. बाईची पाळी तिला कळत नाही असं मला वाटत नाही.

त्याच्याबद्दल थोडं. "बाहेरच काळजी घेतली" ही काळजी नव्हे. वर्षभर फक्त याच भरवशावर राहिलेल्या शंभर जोडप्यांपैकी वीसेकांना दिवस राहतात. गोळी तू घेतलीस, टेस्ट तू केलीस, जागतेस तू, आणि "टेन्शन घेऊ नको" म्हणायचं काम तेवढं त्याने घेतलंय. १६ तारखेचं किट त्याला आणायला सांग. मेडिकलच्या काउंटरवर चार माणसांत उभं राहून मागू दे.

कंडोम का फाटला तेही बघा. पाकिटात पॅन्टच्या मागच्या खिशात महिनोन्महिने दाबून ठेवलेला होता का? टोकाशी हवा राहिली होती का? खोबरेल तेल लावलं होतं का? हे विचारलं की निम्मी जोडपी एकमेकांकडे बघतात. तेलाने रबर काही मिनिटांत कमजोर होतं. लागलंच तर पाण्याचं जेल मिळतं, ते वापरायचं.

पुढे नियमित संबंध असणार असतील तर रोजच्या गोळ्या घे, सरकारी दवाखान्यात माला-एन फुकट मिळते. छाया नावाची गोळी आहे, ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची, तिच्यात हार्मोन नाही. कॉपर-टी मूल न झालेल्या मुलीलाही बसवता येते. शिवाय असा प्रसंग पुन्हा आलाच तर संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली कॉपर-टी त्या गोळीपेक्षाही खात्रीची. हे फार कमी जणींना कुणी सांगतं. यातली कुठलीही पद्धत सुरू करायच्या आधी प्रेग्नन्सी नाही हे बघून घ्यायचं, म्हणजे तुझ्यासाठी १६ नंतर. तोवर कंडोमशिवाय नाहीच. तू आणखी एकदा विसरलीस तर मला २१ दिवस परत पहिल्यापासून मोजावे लागतील.

कधी टीबीची औषधं चालू असतील किंवा फिट्सच्या काही गोळ्या, तर ती ७२ तासांवाली गोळी कमी पडू शकते. तेव्हा डॉक्टरला विचारूनच घ्यायची. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. तुझं यातलं काही नव्हतं, पण हे वाचणाऱ्या एखादीचं असेल.

१६ला सकाळी टेस्ट झाली की काहीही निघालं तरी मला एक ओळ पाठव. आणि पर्समधल्या त्या दोन पट्ट्या आज ऑफिसमधून निघताना टाकून दे. तिसरी रेघ शोधत बसशील त्यांच्यात.